मदत हवी आहे: सशांसाठी एअर रायफलच्या स्कोपला (दुर्बिणीला) कुठलं रेटिकल, म्हणजे आत दिसणारी नेमाची फुली नि खुणा, घ्यावं?

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडात, लिंकनशायरला राहतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे. इथे मात्र रानससे बांधालगतचा कोवळा गहू पार जमिनीलगत खुडून टाकतात, आणि १९५४ च्या कायद्याप्रमाणे त्यांना आटोक्यात ठेवणं ही शेतकऱ्याचीच जबाबदारी. ओळखीच्या एका शेतकऱ्याने मला रीतसर लेखी परवानगी दिली आहे.

रायफल स्प्रिंगची, वायराउख एचडब्ल्यू ९७, पॉइंट २२. ताकद १२ फूट-पाउंडच्या आत, म्हणजे इथल्या विनापरवाना मर्यादेत. छर्रा १६ ग्रेनचा, वेग सेकंदाला ५७० फुटांच्या आसपास. झिरो ३० यार्डांवर, म्हणजे तेवढ्या अंतरावर छर्रा बरोबर फुलीवर लागतो.

आता अडचण. या वेगाला छर्रा फार वाकडा जातो. २० यार्डांवर साधारण दीड सेंटीमीटर वर लागतो, ४० वर पाचेक सेंटीमीटर खाली. सशाच्या डोक्यात जिथे लागायला हवं ती जागा जेमतेम अडीच सेंटीमीटरची. म्हणजे १० यार्डांचा अंदाज चुकला की ससा जखमी होऊन बिळात शिरणार, आणि ते मला कुठल्याही परिस्थितीत नको आहे. त्यामुळे अंदाजाने फुली वर धरण्यापेक्षा रेटिकलवर नेमकी खूण असलेली बरी, असं माझं मत होत चाललंय.

सध्या साधं डुप्लेक्स आहे: बाहेर जाड, मध्ये बारीक रेषा. दिवेलागणीला ससे बाहेर पडतात तेव्हा बांधाच्या काळोख्या झुडपांवर मधली बारीक फुली दिसेनाशी होते, पण जाड रेषांमुळे मध्य तरी सापडतो. मिल-डॉट (फुलीच्या रेषांवर एकेक मिल अंतराने ठिपके; मिल म्हणजे अंतराच्या हजाराव्या भागाएवढं कोनाचं माप) घेतलं तर ४० यार्डांना फुलीच्या साधारण दीड मिल खालची खूण सशावर धरायची, हिशोब सोपा. पण माझ्या बजेटमधले स्कोप सेकंड फोकल प्लेनचे (झूम बदलला तरी रेटिकल तेवढंच दिसतं), त्यांत ठिपक्यांचं माप बहुधा १० पटीवरच खरं. ५ पटीवर आणलं की त्याच दोन ठिपक्यांमधलं अंतर २ मिल होतं. घाईत झूम बदलला आणि विसरलो तर? फर्स्ट फोकल प्लेनमध्ये रेटिकल झूमबरोबर लहानमोठं होतं, त्यामुळे ही भानगड नाही, पण कमी झूमवर रेषा केसासारख्या बारीक होतात, तेही संधिप्रकाशात. झाडासारखं भरगच्च रेटिकल मी दुकानात बघितलं. इतक्या खुणांमध्ये ससाच झाकला जातो, ते नको.

पॅरलॅक्स (डोळा हलला की फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसणं) १० यार्डांपर्यंत जुळवता येणारा आणि स्प्रिंगच्या दुहेरी धक्क्याला टिकणाराच स्कोप घेणार आहे, त्याबद्दल शंका नाही.

स्प्रिंगची रायफल वापरणाऱ्यांना विचारायचंय:

मिल-डॉट घेऊन झूम एकाच पटीवर, समजा ६ वर, कायम ठेवायचा आणि त्या झूमवर प्रत्येक ठिपका किती यार्डांना लागतो ते कागदावर मारून ठरवायचं, हे प्रत्यक्षात जमतं का? अर्ध्या मिलच्या खुणांचा संध्याकाळी खरंच उपयोग होतो की नुसती गर्दी? आणि मध्यापुरता लाल प्रकाश असलेलं रेटिकल अगदी मंद ठेवलं तरी डोळ्यांवर येतं का? हे वापरून बघितलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल. पुढच्या महिन्यात गव्हाचे कोंब वर यायच्या आत स्कोप बसवून झिरो करायचाय.