अलींच्या सहीचे छायाचित्र : आधी खरेपणा तपासावा की किंमत विचारावी?

प्रश्न

एका जुन्या संग्रहासोबत माझ्याकडे ८ बाय १० इंचांचे एक रंगीत छायाचित्र आले आहे. २५ मे १९६५ च्या मुष्टियुद्धाच्या लढतीत उताण्या पडलेल्या सनी लिस्टनवर ओरडणारे मुहम्मद अली, हे ते प्रसिद्ध दृश्य. रिंगच्या फिक्या भागावर काळ्या मार्करने ‘कॅशियस क्ले’ अशी सही आहे. सोबत सोनेरी चिकटपट्टी लावलेले प्रमाणपत्रही आहे. मात्र ते देणाऱ्या कंपनीचा आज कुठेही मागमूस लागत नाही. विक्रीच्या जाहिरातींत अशा वस्तूंच्या किमती इतक्या वेगवेगळ्या दिसतात, की अंदाज नेमका कशावरून बांधावा हेच समजत नाही.

प्रतिसाद १

सर्वप्रथम नावाकडे पाहा. क्ले यांनी फेब्रुवारी १९६४ मध्ये लिस्टनला हरवून जगज्जेतेपद मिळवले आणि पुढच्याच महिन्यात मुहम्मद अली हे नाव स्वीकारले. म्हणजे आपल्या छायाचित्रातील लढतीच्या वेळी ते अलीच होते. उत्तरायुष्यात संग्राहकांच्या आग्रहाखातर त्यांनी जुन्या नावानेही सह्या केल्या आहेत, त्यामुळे एवढ्यावरून ती बनावट ठरत नाही. पण मग ती त्या उत्तरकाळच्या हस्ताक्षराशी जुळली पाहिजे. १९८४ मध्ये पार्किन्सनचे निदान झाल्यानंतर त्यांची अक्षरे हळूहळू लहान आणि आखडलेली होत गेली. अलीकडे छापलेल्या प्रतीवर तरुण क्लेंची ऐसपैस, वेगवान सही दिसली तर मला तरी तीच मोठी शंका वाटेल.

प्रतिसाद २

वरील मुद्दा पटतो, परंतु त्यासाठी प्रत केव्हाची आहे हे कळायला हवे. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या. प्रतिमेत रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छपाई आहे, फोटोच्या कागदावर काढलेली प्रत नव्हे. कागदाच्या दोन्ही बाजू प्लास्टिकसारख्या गुळगुळीत लागत असतील, तर तो रेझिनचा थर दिलेला कागद असण्याचा संभव आहे. तो १९७० च्या दशकात रुळला, त्यामुळे लढतीच्या काळातली प्रत हा दावा तिथेच संपतो. त्यानंतर छायाचित्र दिव्याखाली तिरके धरा. खऱ्या शाईची चकाकी आजूबाजूच्या पृष्ठभागाहून वेगळी दिसते आणि रेघा एकमेकींना छेदतात तिथे शाई गडद होते. छापील सहीत यातले काहीच दिसत नाही. सराईत हात थांबत नाही, म्हणून रेघेचे टोक निमुळते होत जाते. नक्कल करणारा सही ‘काढतो’, तेव्हा रेघ सारख्याच जाडीची राहते, टोके बोथट होतात आणि अक्षराच्या मध्येच पेन उचलल्याच्या खुणा राहतात.

ऑटोपेन या सही करणाऱ्या यंत्राचाही विचार करा. दोन सह्या एकमेकींवर ठेवल्यावर तंतोतंत जुळल्या तर आनंद मानू नये, कारण माणसाच्या दोन सह्या कधीच इतक्या जुळत नाहीत.

प्रश्नकर्ता

कागद दोन्ही बाजूंनी गुळगुळीत आहे, ठिपके नाहीत. शाई वेगळी चकाकते, पण ‘क्ले’मधील शेवटच्या अक्षराचे टोक बोथट आहे. प्रमाणपत्राला काहीच अर्थ नाही का?

प्रतिसाद ३

प्रमाणपत्र हे कोणाचे तरी मत असते आणि मत देणाऱ्याइतकीच त्याची पत. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये उघडकीस आणलेली टोळी सह्यांसोबत खोटी प्रमाणपत्रेही पुरवत होती. पीएसए, जेएसए आणि बेकेट यांसारख्या सह्यांचा खरेपणा तपासणाऱ्या संस्थांच्या प्रमाणपत्रावरील क्रमांक त्यांच्या नोंदींत ताडून पाहता येतो; तो जुळला तरी नोंदीतली वस्तू आपलीच आहे ना, हे पाहावे, कारण चिकटपट्ट्यांचीही नक्कल होते. सही डोळ्यांदेखत झाल्याची साक्ष आणि नंतर अक्षर पाहून दिलेले मत यांतही बराच फरक आहे. आपल्याकडच्या कागदाच्या आधारे मी एक पैसाही वाढवून देणार नाही.

किमतीसाठी मागितलेली रक्कम पाहू नका. लिलावात प्रत्यक्ष मिळालेली पाहा आणि तिच्यात खरेदीदाराकडून घेतलेले कमिशन धरले आहे का तेही तपासा. तुलना त्याच दृश्याच्या, त्याच आकाराच्या आणि तशाच ठळक सहीच्या प्रतींशी करावी. अलींनी अमाप सह्या केल्या, त्यामुळे निव्वळ सही दुर्मीळ नाही. दृश्य आणि सहीचा ठळकपणा यांना पैसे मिळतात. उन्हाने विटलेली शाई किंवा अनोळखी व्यक्तीच्या नावे केलेली सही भाव सहसा खाली आणते. दृश्याचीही खात्री करा : नील लीफर यांच्या रंगीत छायाचित्रात अलींच्या पायांमधून पलीकडचा छायाचित्रकार दिसतो, तर त्याच क्षणाचे जॉन रूनी यांचे छायाचित्र कृष्णधवल आहे.

सध्या अशा एखाद्या संस्थेकडे पुढचा-मागचा स्पष्ट स्कॅन पाठवून प्राथमिक मत घ्यावे. प्रतिकूल आले तर पूर्ण तपासणीचे शुल्क वाचेल, आणि पुढे विकायचे झालेच तर सही अप्रमाणित असल्याचे लेखी नमूद करून सहीविना प्रतीच्या भावात विकावे.