मदत हवी आहे: मराठी प्रबंधिका, एपीए ७ आणि मिश्र संदर्भसूची

एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी एपीए या संदर्भशैलीची सातवी आवृत्ती ठरली आहे. साधने मराठी-इंग्रजी मिसळलेली.

जुन्या पुस्तकांवर नुसते 'शके १८४२'. ७८ मिळवून १९२० लिहावे, तर माघ-फाल्गुनातले पुस्तक १९२१चे ठरते. महिना छापलेला नसेल तर कंसात '१९२०-२१' चालते का?

तीन किंवा अधिक लेखक असले की पहिल्याच उल्लेखापासून 'व इतर' हवे. पण झोटेरो या संदर्भ-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये भाषा अख्ख्या दस्तऐवजाला एकच लागते, त्यामुळे इंग्रजी नोंदींनाही तेच चिकटते. शेवटी हाताने बदलले, तर सूची ताजी होताना बदल पुसले जातात. यावर उपाय?

'श्रीधर'चे आद्याक्षर 'श्री.' की 'श.'? 'श्री.' मला तरी आदरार्थी वाटते.

प्रकाशनस्थळ सातव्या आवृत्तीत गाळतात, हे मार्गदर्शकांना पटवलेय.