समुद्रातल्या शेवाळाला खत कुठलं लागतं?

रंकाळाकाठ:
डिसेंबरात गगनबावड्याहून खाली कोकणात उतरलो होतो. ओहोटीला खडकांवर फिरताना बघितलं, वस्तीचं सांडपाणी जिथं येऊन मिळतंय तिथं कोबीच्या पातळ पानासारखं हिरवंगार शेवाळ नुसतं अंथरलेलं, पाय ठेवला की सर्रकन घसरतोय, आणि शंभर-दीडशे पावलं पुढं गेलं की खडक जवळजवळ उघडे. रंकाळ्यात फॉस्फेट वाढलं की पाणी हिरवं होतं असं लहानपणापासनं ऐकतोय, मग समुद्रात पण तेच का? आणि आपल्या उसाचा युरिया तिथंवर जातो का?

खाडीकाठचा:
वर्णनावरनं उल्वा वाटतंय. समुद्रकिनाऱ्याला बहुतेक ठिकाणी कमी पडतं ते नायट्रोजन. गोड्या पाण्यात नायट्रोजन संपलं तर निळं-हिरवं शेवाळ ते हवेतनं ओढून घेतं, म्हणून तिथं फॉस्फरसवर अडतं. किनाऱ्याच्या खाऱ्या पाण्यात हे फारसं होत नाही, शिवाय तळच्या चिखलातले जिवाणू नायट्रेटचा, म्हणजे विरघळलेल्या नायट्रोजनचा, वायू करून सोडून देतात, आणि फॉस्फरस मात्र त्याच चिखलातनं सुटत राहतो, कारण खाऱ्या पाण्यात सल्फाइड तयार होतं, ते लोखंडाला धरतं आणि लोखंडाला चिकटलेला फॉस्फरस मोकळा होतो. अशा पाण्यात सांडपाण्यातला अमोनिया, म्हणजे नायट्रोजनच, आला की उल्वाला वाढलेलं ताटच मिळालं.
उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत जातं म्हणून तिथं समुद्री गवत असतं. खत वाढलं की आधी त्या गवताच्या पात्यांवर शेवाळाचा थर चढतो, मग उल्वासारखं मोठं शेवाळ माजतं, अजून वाढलं तर पाण्यात तरंगणारं बारीक शेवाळ, ते वरनंच ऊन अडवतं आणि खाली गवत मरतं. हे मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण माशांची पिल्लं त्या गवतातच वाढतात.

ऊसवाला शिरोळ:
युरियाचं मी सांगतो. आपली पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा जाते बंगालच्या उपसागराला, तेव्हा कोकणातल्या खडकावर आपला युरिया नाही. त्यातही वाटेत अलमट्टीपासनं नागार्जुनसागरपर्यंत धरणं आहेत, तिथलं पाणी आधी आपला वाटा उचलतं.
पण हिशोब बघा की. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे २०.७ किलो. समुद्रातल्या बारीक शेवाळात १६ नायट्रोजनच्या अणूंमागं कार्बनचे साधारण १०६ असतात, रेडफिल्डचं प्रमाण म्हणतात त्याला. म्हणजे एक गोणी सगळी वाहून गेली तर त्यातनं ११७-११८ किलो नुसत्या कार्बनचं शेवाळ तयार होऊ शकतं, ओलं वजन तर कितीतरी जास्त. आणि आपण पावसाच्या तोंडावर सरीत युरिया विस्कटून मोकळे होतो.

रंकाळाकाठ:
बापरे, एका गोणीत एवढं! अजून एक राहिलं, असं शेवाळ माजलेल्या पाण्यात मासे पहाटेच का मरतात?

खाडीकाठचा:
शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं पण रात्री तेच पाण्यातला ऑक्सिजन घेतं, कुजणारं शेवाळ पण घेतं. सूर्य उगवायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. उथळ, साचलेल्या पाण्यात पाणीच थोडं, मग तो लवकर संपतो. पुढच्या वेळी गेलात तर पहाटे साडेपाचला जा, मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर समजा ऑक्सिजन कमी पडलाय, तिथं बहुतेक खत जास्त झालंय.

ऊसवाला शिरोळ:
आमच्या शेततळ्यात मागच्या उन्हाळ्यात डिट्टो असंच झालेलं, सकाळी बघतोय तर कटले पोट वर करून. यंदा भरणीला युरिया मातीआड करणार, तेही दोन हप्त्यात.