मदत हवी आहे: गीझरच्या नळाला झिणझिण्या येतात आणि सेफ्टी व्हॉल्व्हची नळी बांधून टाकली आहे

नमस्कार मंडळी,

गुहागर तालुक्यात समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आमचं घर आहे. तिथे आई-बाबा दोघंच असतात, बाबा ७४ वर्षांचे, आई सत्तरीची. मी ठाण्याला. गेल्या शनिवारी घरी गेले होते आणि जे पाहिलं त्याने झोप उडाली आहे. सविस्तर लिहिते, कारण शिमगा पंधरा दिवसांवर आलाय. पालखी घरी येते त्या दिवशी आमच्याकडे पंधरा-सोळा माणसं असतात, त्यात चार लहान मुलं, आणि सगळ्यांच्या आंघोळी या एका गीझरवर.

सकाळी न्हाणीघरात ओल्या हाताने गरम पाण्याचा पितळी नळ उघडला, तर बोटांपासून मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या. जोराचा झटका नव्हे, मुंग्या चालल्यासारखं. हात काढला, पुन्हा लावला, पुन्हा तेच. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, भिंतीला ओल आहे, तेवढं होतंच." आई आधी काही बोलेना. मग हळूच म्हणाली, "म्हणून तर मी पाट घेते." न्हाणीत एक लाकडी पाट असतो, मला वाटायचं बसायला ठेवलाय. ती त्यावर उभी राहते आणि नळ कोरड्या फडक्याने धरून उघडते. दिवाळीपासून हे चाललंय, आणि आम्हाला कोणालाच पत्ता नाही.

मग स्टूल घेऊन गीझर खालून नीट पाहिला. १५ लिटरचा, २००० वॉटचा, २०१५ साली घेतलेला. आयएसआयचा शिक्का आहे, पाटीवर दाब ८ बार लिहिलाय. खालच्या पत्र्याला खाऱ्या हवेने गंज धरून पापुद्रे सुटलेत. थंड पाण्याच्या तोंडाशी सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, त्याला करंगळीएवढी पांढरी प्लास्टिकची नळी आहे. तिचं टोक दुमडून त्यावर तांब्याच्या तारेचे चार वेढे घट्ट पिळलेले दिसले. गेल्या पावसाळ्यात तिथून टपटप चालू होती, नव्या टाइल्सवर तांबडा ओघळ उतरला, म्हणून प्लंबरने "बंद करून दिलं" असं बाबा म्हणाले. मला यातलं फार कळत नाही, पण ज्याच्या नावातच सेफ्टी आहे त्याचं तोंड बांधणं बरोबर कसं असेल?

शिवाय रोज सकाळी गरम पाण्याचा पहिला तांब्या तांबूस येतो. पाणी आमच्या विहिरीचं आहे, एप्रिल-मे महिन्यांत जरा मचूळ लागतं. भिंत चिऱ्याची आहे आणि गीझर आंघोळीला बसतो त्या जागेच्या बरोबर वर टांगलाय. त्याच्या एका बोल्टाभोवतीचं प्लॅस्टर पोकळ वाजतं.

झिणझिण्या गीझरमुळे की घराच्या वायरिंगमुळे, हे कसं ओळखायचं? दुरुस्त करून चालेल की बदलावाच? आणि वायरमन आला की त्याच्याकडून नेमकं काय काय तपासून घ्यायचं? नाहीतर तो उभ्या उभ्या बघून "काही नाही, चालू द्या" म्हणेल, आणि बाबांना तेच ऐकायचं आहे.

जुना वायरमन:
ताई, आधी घरी फोन करा आणि गीझरचा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा खटका, पाडायला सांगा. बाकीचं मग वाचा. नुसत्या बटणावर विसंबू नका. किती तरी घरांत फेज (करंटची तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) उलटे जोडलेले असतात, तिथे बटण बंद केलं तरी आत फेज राहतोच. एमसीबी पाडल्यावर कोरड्या हाताने, पायात चप्पल घालून प्लगही काढून ठेवायला सांगा.

आता टपटप. पाणी तापलं की फुगतं. २५ अंशांचं पाणी ६५ अंशांवर नेलं तर १५ लिटरमागे साधारण पाव लिटर वाढतं. व्हॉल्व्हमध्येच नॉन-रिटर्न असतो, म्हणून ते पाणी वरच्या टाकीकडे मागे जात नाही, नळीतून बाहेर पडतं. तापताना थोडं गळणं हा बिघाड नाही, ते व्हॉल्व्हचं कामच आहे. पारख करायची तर नळीखाली तांब्या ठेवा. थंड गीझर पूर्ण तापून दिवा विझेपर्यंत पाव लिटरच्या आत-बाहेर जमलं तर व्हॉल्व्ह ठीक. गीझर बंद आणि थंड असतानाही गळत असेल तर आत गंज किंवा कचरा अडकलाय, व्हॉल्व्ह बदला. नळीला खाली बादलीपर्यंत मोकळी वाट द्या, म्हणजे टाइल्सवर ओघळ येणार नाही.

तोंड बांधण्यातला धोका समजून घ्या. पाणी हवं तेवढं तापलं की करंट तोडणारा थर्मोस्टॅट चिकटला तर पाणी तापतच राहतं. त्याच्या मागे कट-आउट असतो, म्हणजे पाणी फारच तापलं तर करंट तोडणारा दुसरा खटका, पण दहा वर्षांच्या गीझरमध्ये तोही चालेलच याचा भरवसा नाही. अशा वेळी दाब सोडणारा एकटा व्हॉल्व्ह उरतो. तोच बंद असेल तर टाकी फुटते. दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं पाणी टाकी फाटताक्षणी उकळून वाफ होतं, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा लागते. भिंतीसुद्धा पडतात. तार सोडवायची तर गीझर पूर्ण थंड झाल्यावरच, आणि नळीसमोर तोंड नको.

देवगडवासी:
टपटप आणि झिणझिण्या ही दोन वेगळी दुखणी आहेत, एक बरं केल्याने दुसरं जाणार नाही. एलिमेंटची तार एका धातूच्या नळीत असते, मधे पांढरी पूड ठासलेली. नळीला बारीक भोक पडलं की पाणी आत जातं आणि करंट पाण्यात, टाकीत, नळात उतरतो. अर्थिंग चांगलं असेल तर तो जमिनीत जातो. तुम्हाला तो हाताला लागतोय याचा अर्थ बहुधा एलिमेंटबरोबर अर्थिंगही गेलंय. आपल्याकडे अर्थिंगचा खड्डा जांभ्यात घेतलेला असतो, फाल्गुन-चैत्रात तो ठक्क कोरडा होतो, आणि समुद्राकाठी पट्टी क्लॅम्पापाशी गंजून तुटते. वरून वायर जोडलेली दिसते, खाली काहीच नसतं.

वायरमनला मीटर लावून तुमच्यासमोर तीन आकडे काढायला सांगा. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. पहिले दोन जवळपास सारखे हवेत, तिसरा दोन-चार व्होल्टच्या आसपास. मग गीझर वायरिंगमधून सोडवून मेगरने (करंटची गळती शोधणाऱ्या मीटरने) एलिमेंट तपासायचं. उभ्या उभ्या बघून यातलं काहीही कळत नाही. आणि बोर्डावर आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळला की लाईट तोडणारा खटका, आहे का ते बघा. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. २००० वॉटला पावणेनऊ अँपिअर लागतात, माणसाचा जीव जायला त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी पुरतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी माणसासाठी असतो.

तांबूस पाण्याचं विचारलंत. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते, ॲनोड म्हणतात. टाकीच्या लोखंडाआधी ती झिजते, तेवढ्यासाठीच ती असते. मचूळ पाण्यात लवकर संपते आणि मग टाकीची पाळी येते. आपल्या पट्ट्यात दरवर्षी काढून बघावी. दहा वर्षांत एकदाही बदलली नसेल तर टाकीवर पैसे घालू नका.

माडबन:
ताई, लाईटचा एवढा त्रास आहे तर गॅसचा गीझर का नाही घेत? आमच्याकडे मिनिटात गरम पाणी येतं.

जुना वायरमन:
गॅस गीझर बंद न्हाणीघरात कधीही नको. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग, आंघोळीला गेलेलं माणूस दार लावून आतच राहतं. घ्यायचाच तर गीझर आणि सिलेंडर दोन्ही न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. त्याच रात्री फोन केला. बाबा कुरकुरले, पण एमसीबी पाडला आणि प्लगही काढला. आईने माळ्यावरचा तांब्याचा बंब उतरवून घेतला, चिंचेने घासला, सध्या आंघोळी त्याच पाण्याने चालल्यात. बंब आणि चूल परसात उघड्यावर आहे, त्यामुळे धुराचीही भीती नाही.

परवा रजा टाकून घरी आले आणि चिपळूणहून परवानाधारक वायरमन बोलावला. मी आकड्यांचा कागद हातात धरूनच उभी होते. फेज-न्यूट्रल २२१, फेज-अर्थ १३४, न्यूट्रल-अर्थ ८८. परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्यावरचं झाकण काढलं तर पट्टी क्लॅम्पापाशी बिस्किटासारखी चुरली, हातात नुसती तांबडी भुकटी. तिथे आता नवीन अर्थिंग केलं. पुन्हा मोजल्यावर न्यूट्रल-अर्थ ३ आला, तेव्हा बाबा स्वतः मीटर बघायला पुढे झाले.

गीझर खाली उतरवून उघडला. एलिमेंटच्या वाकणापाशी केसाएवढी चीर. ॲनोडच्या जागी विणायच्या सुईएवढी लोखंडी काडी उरलेली, मॅग्नेशियम नावालाही नाही. टाकीतून दोन तांबे तांबडा गाळ निघाला. तो पाहिल्यावर बदलायचा की नाही यावर घरात कोणी वाद घातला नाही. एक बोल्ट तर गीझर उतरवताना हातानेच बाहेर आला. चिऱ्यात नुसता प्लास्टिकचा प्लग धरत नाही, असं वायरमनदादा म्हणाले. आता भोकं मोठी करून बोल्ट सिमेंटात बसवलेत आणि नवा गीझर आंघोळीच्या जागेपासून बाजूला बसवलाय. नळी मोकळी, खाली बादली. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. त्याचं टी लिहिलेलं बटण दाबून तो पडतो का हे महिन्यातून एकदा बघायचं, ते काम आईने स्वतःकडे घेतलंय.

पाट मात्र तिने अजून काढलेला नाही. मीही काढ म्हटलं नाही.

आता एकच विचारायचं आहे. शेजारी काकांचं घर गेल्या गणपतीपासून बंद आहे, ते शिमग्याला मुंबईहून येतील. त्यांचाही गीझर आमच्याच प्लंबरने बसवलाय आणि त्याचीही नळी तशीच बांधली असणार. घर बंद असताना वरची टाकी कोरडी पडलीय. किल्ली आमच्याकडे असते. ते यायच्या आधी वायरमनदादांना घेऊन मी उघडून बघणार आहे. सहा महिने बंद असलेला गीझर पहिल्यांदा चालू करताना गरम नळातून पाण्याची सलग धार येईपर्यंत थांबायचं, एवढं मला कळलंय. याशिवाय आणखी काय बघू?