सकाळची शाळा, दुसरीतली मुलगी आणि चार महिन्यांचं बाळ : मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही डोंबिवलीला राहतो. मोठी दुसरीत आहे, धाकटा चार महिन्यांचा. नवऱ्याला आठवड्याआड रात्रपाळी असते. बाळ रात्री तीनदा उठतं, आणि साडेपाचला माझा डबा सुरू. शाळा सात दहाची. लेक अर्धवट झोपेतच रिक्षात बसते, दुपारी चिडचिड करते, गृहपाठाला बसवलं की रडते. काल मी तिच्यावर ओरडले. नंतर ती बाळाच्या पाळण्याजवळ जाऊन गप्प बसली, ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असा शासन निर्णय फेब्रुवारी 2024 मध्ये निघाला आहे. आमच्या शाळेत दोन सत्रं असल्याने वेळ बदलता येत नाही म्हणतात.

तुमच्यापैकी कोणी पालक-शिक्षक संघातून हा विषय मांडला आहे का? अर्जात काय लिहिलंत? आणि तोवर, रात्रीच तयारी करून ठेवता येईल असे, पोळी-भाजी सोडून डब्याचे पदार्थ सुचवा ना. तिला शेंगदाणे चालत नाहीत.

गृहपाठाबद्दल बाईंशी बोलायचं आहे. तक्रार वाटणार नाही असं कसं बोलू?