मधलं नाव जुन्या इंग्लिशमधलं हवंय: ईशानीच्या पुढे काय शोभेल?

ट्रेंटकाठ:
मुलीचं पहिलं नाव ठरलंय, ईशानी. आडनाव दोघांचं जोडून. इथे खरं लिहीत नाही, लांबीचा अंदाज यावा म्हणून देशपांडे-हॅरिसन धरा. मधलं नाव इंग्लिश हवं, पण रोझ, ग्रेस, मे, एलिझाबेथ अशी हमखास ठेवली जाणारी नकोत. १०६६ च्या आधी, म्हणजे नॉर्मन यायच्या आधी इंग्लंडमधल्या बायकांना खरोखर असलेलं नाव हवंय. जन्म स्टॅफर्डशरमध्ये, नोंद तिथेच. वडील ब्रिटिश नागरिक, आई भारतीय, त्यामुळे पुढे ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांना मिळणारं कार्ड, काढायचं आहे.

आत्ता यादीत ईडिथ, एथेलफ्लेड, रोवेना, डेझी, विन आणि फ्राइड्सवाइड आहेत. यातली अस्सल कोणती? आणि सातारच्या आजीला म्हणता येईल, तिकडच्या शाळेतही चालेल आणि कागदपत्रांत अडणार नाही असं काय निवडावं?

जुनी_पोथी:
आधी दोन नावं काढून टाका. रोवेना हे नाव बाराव्या शतकात मॉनमथच्या जेफ्रीने लिहिलेल्या ब्रिटनच्या राजांच्या इतिहासात पहिल्यांदा दिसतं. ते लोकप्रिय झालं १८१९ च्या 'आयव्हॅन्हो' कादंबरीनंतर. अँग्लो-सॅक्सन बाईचं ते नाव असल्याचा पुरावा नाही. डेझीची गोष्ट निराळी. शब्द अस्सल जुना आहे, 'दिवसाचा डोळा' असा, कारण हे फूल सकाळी उमलतं आणि संध्याकाळी मिटतं. पण मुलीचं नाव म्हणून ते रुळलं एकोणिसाव्या शतकात. नावांच्या संकेतस्थळांवर नेमका हाच घोळ असतो. शब्द जुना म्हणून नावही जुनं ठरवतात. हेली, शर्ली, बेव्हर्ली ही आधी गावांची नावं, मग आडनावं, आणि फार उशिरा मुलींची नावं. तिथे 'मूळ जुनं इंग्लिश' लिहिलेलं दिसलं तरी हजार वर्षांपूर्वी अशा नावाची मुलगी नव्हती.

खरी नावं घडायची दोन शब्द जोडून. आपल्याला हे नवं नाही, देवदत्त, चंद्रगुप्त, विजयसेन असेच जोडलेले आहेत. कॉव्हेंट्रीची गोडिवा मूळ 'गॉडगिफू', म्हणजे देव आणि भेट. तंतोतंत आपली देवदत्ता. मधला 'ग' तेव्हा 'य' सारखा उच्चारत, म्हणून तो झिजून गेला. बायकांच्या नावांचे शेवटचे तुकडे मोजकेच: गिफू म्हणजे भेट, बुर्ह म्हणजे गढी, थ्रिथ म्हणजे बळ, हिल्ड आणि गिथ दोन्हींचा अर्थ युद्ध, विन म्हणजे आनंद, स्विथ म्हणजे बळकट. पहिले तुकडे एड (भाग्य, संपत्ती), एथेल (कुलीन), लेओफ (प्रिय), वुल्फ (लांडगा), मिल्ड (कोमल), सुन (सूर्य). मात्र दोन अर्थांची बेरीज करून एक वाक्य काढायला जाऊ नका. 'फ्रिथुहिल्ड' म्हणजे शांतता अधिक युद्ध, त्याचा एकत्र अर्थ लागतच नाही. तुकडे निवडले जात ते घराण्याशी नातं दाखवायला. मिल्डबुर्ह, मिल्डथ्रिथ आणि मिल्डगिथ या तिघी सख्ख्या बहिणी होत्या.

म्हणजे यादीत अस्सल उरतात ईडिथ (एडगिथ), एथेलफ्लेड आणि फ्राइड्सवाइड. विनबद्दल एक सावधगिरी. जुन्या इंग्लिशमध्ये तो शब्द आहे, 'व' साठीच्या रून अक्षराचं नावही तेच. पण आज नुसतं विन ऐकलं की लोक वेल्श समजतात, आणि वेल्शमध्ये त्याचा अर्थ गोरा, शुभ्र. हव्या त्या भाषेतलं नाव ठेवल्याचं समाधान मिळणार नाही.

खिडकी_क्रमांक_४:
कागदांची बाजू सांगतो, कारण चूक झाली की ती तिथेच बाहेर येते.

इंग्लंडमध्ये जन्माची नोंद ४२ दिवसांत करायची. स्कॉटलंडमध्ये मुदत २१ दिवसांची. दाखल्यावर मधल्या नावाचा वेगळा रकानाच नाही. नाव आणि आडनाव एकाच रकान्यात येतं, म्हणून ईशानीनंतर जे लिहाल ते कायद्याने तिचं दुसरं नाव. पासपोर्टवरही आडनाव एका ओळीत आणि बाकीची सगळी नावं दुसऱ्या ओळीत. ओसीआयच्या अर्जात तसेच दोन रकाने असतात. तिथे पासपोर्टवर आहे तेच, त्याच क्रमाने भरायचं. आपल्या सवयीने मधे वडिलांचं नाव घातलंत तर पासपोर्टशी जुळत नाही आणि अर्ज परत येतो. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आला आहे. नातेवाईक तो सुचवतील. तिचा दाखला इंग्लंडचा आहे, तो क्रम तिला लागू नाही.

दोघेही भारतीय नागरिक असतील त्यांच्यासाठी: भारतीय पासपोर्ट हवा तर जन्माची नोंद वर्षाच्या आत वकिलातीत करावी लागते, आणि तिथलं नाव इंग्लंडच्या दाखल्याशी अक्षरशः जुळलं पाहिजे.

आता ॲश. 'ए' आणि 'ई' चिकटवून लिहिलेलं ते जुनं अक्षर देखणं आहे, पण नोंदीत ते घेऊ नका. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. तिथे ॲशचं ए-ई होतं, थॉर्न या जुन्या अक्षराचं टी-एच होतं आणि एथ या अक्षराचं नुसतं डी. म्हणजे दाखल्यावर एक, यंत्राच्या ओळीत दुसरं आणि तिकिटावर तिसरं. पहिल्यापासून साध्या सव्वीस अक्षरांत बसणारं रूप घ्या.

लांबीही मोजा. त्या ओळीत नावासाठी ३९ जागा असतात. देशपांडेची इंग्रजी अक्षरं ९, जोडचिन्हाची जागा १, हॅरिसन ८, आडनाव संपल्याच्या खुणा २, ईशानी ६, मग एक खूण आणि फ्राइड्सवाइडची १० अक्षरं. एकूण ३७. बसतं. त्यात सहा अक्षरांचं आणखी एक नाव घातलं की ४४ होतात आणि शेपूट कापलं जातं. त्यामुळे मधलं नाव एकच.

कानसेन:
नाव हाक मारून पाहा. मुलींची मराठी नावं बहुतेक आ किंवा ई वर संपतात. पुढचं नाव स्वराने सुरू झालं की संधी होतो, व्याकरणात नाही, तोंडात. 'ईशानी ईडिथ' भरभर म्हणा, 'ईशानीडिथ' ऐकू येतं. मीराला ऑड्री जोडलं की तसंच. म्हणून ईशानीपुढे व्यंजनाने सुरू होणारं नाव घ्यावं: मिल्ड्रेड (वरची मिल्डथ्रिथ), हिल्डा, सनिवा.

दुसरं, आद्याक्षरं. ईशानी ईडिथ देशपांडे इंग्रजीत लिहिलं की आय-ई-डी होतं. इंग्रजी बातम्यांत ही तीन अक्षरं पेरून ठेवलेल्या स्फोटकासाठी वापरतात. बॅगेवर, शाळेच्या डब्यावर, खेळाच्या कपड्यांवर आद्याक्षरं घालायची पद्धत तिकडे सर्रास आहे. ही अक्षरं मुलीच्या नावावर नकोच. त्यामुळे 'ई' ने सुरू होणारं प्रत्येक नाव बाद: ईडिथ, एथेलफ्लेड, एल्स्विथ, सगळी. जुन्या इंग्लिशमधली निम्मी सुंदर नावं 'ई' नेच सुरू होतात, हे मात्र वाईट.

फ्राइड्सवाइड मला मनापासून आवडतं. ऑक्सफर्डची ती आश्रयदाती संत, सण १९ ऑक्टोबरला. पण लिहिलेलं पाहून वाचणारा अडखळतो, आणि शाळेतल्या पोरांना त्यात 'फ्राइड', तळलेलं, ऐकू येतं. मिल्ड्रेडमध्येही 'ड्रेड', म्हणजे धास्ती, ऐकू येते, पण ते नाव लोकांच्या कानावरून गेलेलं आहे, म्हणून खपतं.

ट्रेंटकाठ:
आय-ई-डी खरंच लक्षात आलं नव्हतं. ईडिथ काढलं. आता प्रश्न असा, जन्मगावच्या आसपासचं एखादं नाव मिळेल का? आणि हिल्डा फार साधं तर नाही ना वाटणार?

जुनी_पोथी:
हिल्डाला साधं म्हणू नका. व्हिटबीच्या मठाची ती प्रमुख, ६८० मध्ये वारली. ईस्टरची तारीख कोणत्या पद्धतीने काढायची याचा निकाल ६६४ मध्ये लागला तो तिच्याच मठात. बीड या जुन्या इंग्लिश इतिहासकाराने तिचं नाव 'हिल्ड' असं लिहिलंय, शेवटचा आ नंतर लॅटिन लेखनिकांनी जोडला. पुणेकरांना सेंट हिल्डा शाळेमुळे ते ओळखीचं आहे. मात्र आज इंग्लंडमध्ये ते पणजीच्या पिढीचं वाटतं, आणि व्हिटबी तुमच्यापासून लांब, उत्तर समुद्राच्या काठी.

तुम्ही मर्सियात, म्हणजे मध्य इंग्लंडमधल्या जुन्या अँग्लो-सॅक्सन राज्याच्या भागात आहात, तिथलंच घ्या. वर्बर्ग ही मर्सियाचा राजा वुल्फहेअर याची मुलगी, तिला आधी पुरलं तुमच्याच स्टॅफर्डशरमधल्या हॅनबरीत, नंतर अवशेष चेस्टरला नेले. मिल्डबुर्ह, लॅटिनमध्ये मिल्बर्गा, ही शेजारच्या श्रॉपशरमधल्या वेनलॉकची. पण 'बर्ग' ऐकून आजच्या माणसाला बर्गर आठवतो, मुलीला ते वर्षानुवर्षं ऐकावं लागेल.

माझ्या मते तुमचं नाव वुल्फ्रन. वुल्फ म्हणजे लांडगा, रून म्हणजे गुपित, मसलत. वुल्व्हरहॅम्प्टन या शहराच्या नावात तीच बाई आहे. ९८५ मध्ये राजा एथेलरेडने तिला तिथली जमीन दानपत्राने दिली. आणि ट्रेंटकाठी, बर्टनला मठ स्थापन करणारा वुल्फ्रिक स्पॉट हा वुल्फ्रनचा मुलगा म्हणूनच ओळखला जातो. आई आणि मुलगा दोघांच्या नावात 'वुल्फ', घराण्याची खूण कशी राखत ते इथे दिसतं.

कानसेन:
वुल्फ्रनला माझी एक हरकत. ल, फ आणि र लागोपाठ, आजी 'वुलफरन' म्हणेल. म्हणेना का, पण मग लॅटिन रूपच घ्या: वुल्फ्रुना. वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये याच नावाचा रस्ता आहे, त्यामुळे घरचं इंग्लिश माणूस हे रूप उपरं समजणार नाही. आ वर संपतं म्हणून मराठी जिभेला थांबायला जागा मिळते.

माझी पहिली पसंती तरीही सनिवा. मूळ सुनगिफू, सूर्य आणि भेट. ईशानीला शेजारी म्हणून इतकं मऊ नाव दुसरं नाही, आजीला ते एकदा सांगितलं की पुरे.

जुनी_पोथी:
सनिवाची घडण इंग्लिश, पण ती संत पश्चिम नॉर्वेची, आणि आज ते नाव मुख्यतः नॉर्वेत ठेवतात. भेटणारा प्रत्येकजण 'नॉर्वेचे का?' विचारेल. तो प्रश्न चालणार असेल तर जरूर ठेवा, नाव फार गोड आहे. इंग्लंडशी नातं दिसावं हाच हेतू असेल तर वुल्फ्रुना.

कोणतंही नाव पक्कं करण्याआधी ते खरंच कोणाचं होतं का ते 'प्रोसोपोग्राफी ऑफ अँग्लो-सॅक्सन इंग्लंड' या खुल्या माहितीसाठ्यात शोधा. तिथे माणूस, काळ आणि मूळ दस्तऐवज तिन्ही मिळतात. ब्रिटिश सांख्यिकी कार्यालयाच्या दरवर्षीच्या याद्या बघून 'हे किती जणींचं आहे' हे ठरवू नका, त्यात फक्त पहिलं नाव मोजतात, मधलं धरतच नाहीत.

ट्रेंटकाठ:
घरी दोघांनाही वुल्फ्रुना पटलं. ईशानी वुल्फ्रुना. आद्याक्षरं आय-डब्ल्यू-डी, म्हणजे जागतिक महिला दिनाची, ते तर छानच. शेवटचं एक: नोंद झाल्यावर मन बदललं तर?

खिडकी_क्रमांक_४:
नोंद झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत ठेवलेलं नवं नाव नोंदवहीत घालता येतं. ते १७ व्या रकान्यात येतं, 'नोंदीनंतर दिलेलं नाव' म्हणून. जुनं नाव खोडत नाहीत, दोन्ही दिसतात, आणि ही सोय एकदाच. त्यानंतर डीड पोलने, म्हणजे नावबदलाच्या कायदेशीर कागदाने, नाव बदलता येतं, पण जन्मदाखला तसाच राहतो आणि दर ठिकाणी दोन कागद जोडावे लागतात.

म्हणून नोंदीच्या दिवशी घाई करू नका. रजिस्ट्रार सही करण्याआधी मजकूर दाखवतो. तेव्हा दोन्ही नावं अक्षर अक्षर मोठ्याने वाचा. वुल्फ्रुनात दोनदा यू येतो, आणि दुसऱ्या यू च्या जागी ओ टाइप होण्याची शक्यता सगळ्यात जास्त, कारण टाइप करणाऱ्याच्या डोक्यात 'फ्रॉम' सारखे शब्द असतात. ईशानीत एच राहिला नाही ना तेही पाहा. विमानाच्या तिकिटावर दोन्ही नावं चिकटून एकच लांब शब्द छापला जाईल, त्याला चूक समजून दुरुस्तीला जाऊ नका, पासपोर्टशी अक्षरं त्याच क्रमाने जुळली की पुरे. यंत्राच्या ओळीचा हिशेबही केला: ३५ जागा, चार शिल्लक.