आपल्या मातीतल्या खेळाडूंची कार्डं: तुमच्या डब्यात कोण कोण आहे? (अनुभव धागा)

परवा माळा साफ करताना बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा सापडला. आत बिग फन बबलगमची कार्डं. गठ्ठ्याला लावलेलं रबर इतक्या वर्षांत वितळून वरच्या कार्डाला असं चिकटलंय, की वेंगसरकरच्या कपाळावर आडवं गंध ओढल्यासारखं दिसतंय. नखाने खरवडायला गेलो तर शाईच निघायला लागली, मग तसंच ठेवलं.

नव्या पोरांसाठी सांगतो. बबलगमबरोबर खेळाडूचं कार्ड यायचं, त्यावर रन किंवा विकेट छापलेल्या असायच्या. ठरावीक रन-विकेट जमवून दिल्या की फ्लिप बुक मिळायचं. पानं भराभर सोडली की फलंदाज फटका मारताना दिसायचा. वर्गातली शहाणी पोरं कार्डं देऊन पुस्तक घेऊन मोकळी झाली. मीही बॉर्डर, रिचर्ड्स, इम्रान सगळे देऊन टाकले. शास्त्री, वेंगसरकर, मांजरेकर, सचिन, कांबळी मात्र हातातून सुटेनात. त्यामुळे डब्यात आज फक्त आपलेच उरलेत. संग्रह वगैरे करतोय हे तेव्हा डोक्यातही नव्हतं.

तुमच्याकडचं लिहा. छापलेलं, घरी बनवलेलं, हरवलेलं, काहीही चालेल. नियम एकच: जन्म महाराष्ट्रातला हवा, नाहीतर मुंबई, महाराष्ट्र किंवा विदर्भाकडून खेळलेला हवा. गोवेकरांनी गोव्याचे आणावेत, आग्रहाचं आमंत्रण आहे. घरी मराठी बोलतो म्हणून द्रविडला घुसवू नका, तो वाद मागे झालाय आणि दोन जण अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

डोंबिवलीकर:
आमच्या चाळीत ट्रम्प कार्डं चालायची. सामने, धावा, सर्वोच्च, शतकं, बळी, झेल. आपण एक आकडा पुकारायचा, ज्याचा मोठा त्याने समोरच्याचं कार्ड ओढायचं. त्यात डोंबिवलीचा एकही नाही याचं मला फार वाईट वाटायचं. आणि मग ऑगस्ट १९९७, कोलंबो. आमच्या गावात जन्मलेल्या नीलेश कुलकर्णीने कसोटीतल्या आपल्या पहिल्याच चेंडूवर अटापट्टूला मोंगियाकडे झेल द्यायला लावला. शेजारच्या काकांनी पेढे आणायला पाठवलं. पेढे आले, संपले, पण दुसरी विकेट काही आली नाही. जयसूर्या आणि महानामाने ५७६ धावांची भागी केली, लंका ६ बाद ९५२, आणि आमच्या माणसाचा हिशेब ७० षटकं, १९५ धावा, १ बळी.

तरी मी त्याचं कार्ड बनवलं. पुठ्ठा, पेपरातला फोटो, स्केचपेन. खेळायला बसल्यावर लक्षात आलं की हे कार्ड कुठल्याही आकड्यावर हरणार. म्हणून खाली एक रकाना वाढवला, ‘पहिल्या चेंडूवर विकेट: हो’. मी तोच पुकारायचो. दोन दिवस सगळ्यांची कार्डं ओढली, तिसऱ्या दिवशी मला खेळातून काढलं.

पुणे ३०:
मुंबई म्हणजे महाराष्ट्र नव्हे, हे धाग्याच्या सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. महाराष्ट्राचा संघ वेगळा आहे आणि मी फक्त त्याच संघाचे जमवतो. चंदू बोर्डे, हृषीकेश कानिटकर, केदार जाधव, ऋतुराज, राहुल त्रिपाठी. बोर्ड्यांचा फोटो जुन्या बाजारात एका रविवारी पितळी दिव्यांच्या ढिगाखाली मिळाला. विकणाऱ्याला हे कोण ते माहीत नव्हतं, मीही सांगितलं नाही. भाव वाढला असता.

कानिटकर म्हणजे अर्थात ढाका, १८ जानेवारी १९९८, पाकिस्तानविरुद्धची फायनल. दोन चेंडूंत तीन हवे होते, सकलेनला चौकार. त्या चौकाराच्या माझ्याकडे चार वेगवेगळ्या पेपरांतल्या कात्रणांची चार कार्डं आहेत. एकात चेंडू दिसतो, बाकी तिन्हींत नाही.

नव्या कार्डांबद्दल माझी तक्रार आहे. आयपीएलच्या पाकिटांतून निघणाऱ्या कार्डावर माणसाचं गाव नसतं, फ्रँचायझी असते. केदार पिवळा, ऋतुराज पिवळा, दोघेही चेन्नईचे. माझ्या पुतण्याला बरेच दिवस ऋतुराज तमिळ वाटत होता. मी आता प्रत्येक कार्डाच्या पाकिटावर (कार्डावर नाही!) बारीक चिठ्ठी लावून गाव लिहितो. रहाणे: आश्वी, ता. संगमनेर. झहीर: श्रीरामपूर. दोघे एकाच जिल्ह्यातले, हे लिहिताना कळलं. दोघेही मुंबईकडून खेळले म्हणून माझ्या नियमात बसत नाहीत, पण झहीरसारख्या डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाला नाही कोण म्हणणार?

वऱ्हाडी ठेचा:
पुणे ३० आणि मुंबईवाले भांडून झाले असतील तर आमच्याकडेही बघा जरा. रोहित शर्माचा जन्म नागपूरचा. बोरिवली नंतरची. माझ्या अल्बममध्ये तो विदर्भाच्या पानावर आहे, ज्याला झोंबते त्याने आपला अल्बम वेगळा लावावा. त्याच पानावर प्रशांत वैद्य (एकदिवसीय सामने चार, पण आमच्या शाळेत त्याची नक्कल करत धावणारी पोरं चाळीस) आणि उमेश यादव, विदर्भाकडून खेळून कसोटीत पोचलेला पहिला माणूस, २०११.

उमेशचं एक कार्ड मी कोळसा खाणीत काम करणाऱ्या एका काकांना दाखवलं होतं. उमेशचे वडीलही खाणीतच होते. काकांनी कार्ड दोन बोटांत धरलं, बोटं आधी पॅन्टला पुसून. मग म्हणाले, ‘खांदा पाय (पाहा) त्याचा.’ बस, एवढंच. कार्डाच्या कोपऱ्यात त्यांच्या अंगठ्याचा पुसट डाग राहिला आहे. त्या डागामुळे किंमत कमी होते म्हणतात. होऊ द्या.

एक प्रश्न:
न्यूझीलंडचा फिरकीवाला एजाझ पटेल चालतो का? जन्म मुंबई. २०२१ ला वानखेडेवर एका डावात आपलेच दहाच्या दहा काढले.

धागाकर्ता:
नियमात बसतो. नाइलाज आहे.

सध्या मुक्काम लंडन:
मग माझाही घ्या, आणि शिव्या नंतर द्या. माझ्याकडे डग्लस जार्डिन आहे. होय, बॉडीलाइनवाला, फलंदाजाच्या अंगावर चेंडू टाकायला लावणारा इंग्लंडचा कप्तान. जन्म १९००, मुंबई, मलबार हिल.

इथे सिगरेटच्या पाकिटांतून येणारी जुनी कार्डं रविवारच्या बाजारात बुटाच्या खोक्यांत भरून असतात. काडेपेटीहून थोडं लांब, मागे बारीक अक्षरात माहिती. विकणारे आजोबा म्हणाले, भारतीय माणूस हे का घेतोय? म्हटलं, आमच्या गावचा आहे. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

पण गंमत पुढे आहे. भारतातली पहिली कसोटी डिसेंबर १९३३ ला बॉम्बे जिमखान्यावर झाली. इंग्लंडचा कप्तान जार्डिन, जन्म मुंबई. आपला कप्तान सी. के. नायुडू, जन्म नागपूर. म्हणजे नाणेफेकीला उभे असलेले दोघेही आजच्या महाराष्ट्रात जन्मलेले! नायुडूंचं सिगरेट कार्ड काही मला सापडलं नाही. मग १९९६ साली आपल्या टपाल खात्याने देवधर, मर्चंट, मंकड आणि नायुडूंची तिकिटं काढली होती, त्यातलं नायुडूंचं मागवलं. आता जार्डिनचं कार्ड आणि नायुडूंचं तिकीट एकाच काचेत समोरासमोर लावलंय. मधे एक जुना पैसा चिकटवायचा विचार आहे.

वऱ्हाडी ठेचा:
नायुडू आमच्या पानावर. पाहा, कसे मोठे होत चाललो आम्ही.

रंकाळ्यावरचा:
क्रिकेट सोडून काही आहे की नाही जगात? आमच्याकडं कार्ड म्हटलं की पहिला खाशाबा जाधव. हेलसिंकी १९५२, ब्राँझ. कुठल्या कंपनीनं काढलंय म्हणून विचारू नका, कुणी काढलेलं मला तरी दिसलं नाही. म्हणून आम्हीच काढलं. शाळेत असताना आम्ही तिघं लग्नपत्रिका गोळा करायचो, जाड कागदाच्या. त्या कापून मापात आणायच्या, वर फोटो डकवायचा, मागं वजन, गाव, डाव. खाशाबाच्या मागं ‘गाव गोळेश्वर, ता. कराड’ आणि पुढच्या बाजूला कोपऱ्यात गणपती राहिला होता पत्रिकेचा, तो काढला नाही.

चूक एकच केली. फोटो गव्हाच्या खळीनं डकवले. दोन पावसाळ्यांत कसर लागली. खळीत पीठ, आणि पीठ म्हणजे कसरीला जेवण. हिंदकेसरी, महाराष्ट्र केसरी सगळे कडेनं कुरतडले. आता परत काढायचं ठरवलंय आणि भर पडलीय: आमचे नेमबाज, तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळे. पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ ला त्यानं ब्राँझ घेतलं, महाराष्ट्राला खाशाबानंतर ७२ वर्षांनी वैयक्तिक पदक. दोन्ही कार्डं शेजारी ठेवली की एकाच्या अंगावर लंगोट आणि दुसऱ्याच्या अंगावर ते जाड जाकीट!

आणि क्रिकेटच पाहिजे तर घ्या: भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर १९४८, पुणे, काठियावाडविरुद्ध ४४३ नाबाद. तेव्हाचा विक्रम ब्रॅडमनचे ४५२. समोरचा संघ पुढं खेळायलाच तयार झाला नाही. एक कसोटी मिळाली नाही या माणसाला. २०१२ ला ते गेले तेव्हा पेपरात आलेला फोटो माझ्याकडं आहे, कार्ड त्याचंच करणार. आकड्याच्या पुढची ती चांदणी मात्र मोठी काढणार, नाबादची.

डोंबिवलीकर:
सर्वोच्च धावा पुकारायच्या आणि चाळ साफ! हे कार्ड मला १९९७ ला हवं होतं.

मडगावचो:
दिलीप सरदेसाई आमचा, जन्म मडगाव. मुंबईकर त्याला आपला म्हणतात, म्हणू द्या. १९७१ वेस्ट इंडीज, ६४२ धावा, किंग्स्टनला २१२. सगळे गावस्करचे ७७४ सांगतात, ठीक आहे. माझ्याकडे त्या संघाचा एक सामुदायिक फोटो आहे, त्यातून सरदेसाई कापून कार्ड करायचं ठरवलं होतं. कात्री घेऊन बसलो आणि हात धजला नाही. एका बाजूला कापलं तर शेजारच्याचा खांदा जातो. शेवटी फोटो काढून प्रिंट काढलं. फुटबॉलवाला ब्रह्मानंद शंखवाळकर पण आहे, गोलकीपर, पण तो कार्डाच्या मापात मावत नाही, हात लांब पसरलेत.

नाव नको:
जपून घ्या, एवढंच सांगायला आलो. ‘सचिनचं पहिलं कार्ड’ म्हणून ऑनलाइन एकाकडून बऱ्याच पैशांना घेतलं. आलं ते घरच्या प्रिंटरवर छापलेलं. भिंग लावून बघितलं असतं तर कळलं असतं. छापखान्यातल्या छपाईत रंगाचे ठिपके ठरावीक नक्षीत बसलेले दिसतात, यात नुसते शिंतोडे होते. कडाही पांढऱ्याशुभ्र, तीस वर्षांपूर्वीच्या पुठ्ठ्याच्या अशा नसतात. आधी विक्रेत्याकडून कडांचे जवळून फोटो मागवा. आणि कृपा करून लॅमिनेट करू नका, चिकट पानांच्या फोटो अल्बममध्येही ठेवू नका. निघत नाहीत, फाटतात. मऊ प्लास्टिकचं पाकीट, त्यावर टॉपलोडर (वरून उघडं कडक प्लास्टिकचं कव्हर), कपाटाच्या वरच्या खणात. आमच्या कोकणात तर पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्याही टाकतो, बुटांच्या खोक्यातल्या.

सांगलीची आई:
माझा काहीच संग्रह नाही, मुलीचा आहे. वय नऊ. गेल्या वर्षी तिला वर्गातल्या मुलांसारखी कार्डांची पाकिटं हवी होती. एक घेतलं, दुसरं घेतलं, पाचवं घेतलं. प्रत्येक वेळी कार्डं जमिनीवर पसरायची आणि विचारायची, ‘स्मृती कुठंय?’ आम्ही माधवनगरजवळ राहतो. स्मृती मानधना जन्मली मुंबईत, पण वाढली इथलीच. दुकानदार म्हणाले, यात मुली येत नाहीत हो. हिने तिथेच उभं राहून विचारलं, मग त्या खेळतात ते कुठे येतं?

घरी येऊन कॉर्नफ्लेक्सचं खोकं कापलं. अडीच बाय साडेतीन इंच, पट्टीने आखून. चित्र स्वतः काढलं, हेल्मेटची जाळी इतकी दाट की आत चेहराच नाही. मागे निळ्या पेनने: ‘नंबर १८. डावखुरी. वनडेत २२४ नाबाद (१९ वर्षांखालील, २०१३). गाव सांगली.’ गाव सांगलीला दोन रेघा. मग जेमिमा रॉड्रिग्ज झाली, मग कोल्हापूरची अनुजा पाटील, मग मागच्या काळातली कुणीतरी हवी म्हणून डायना एडल्जी. एडल्जींना मी ओळखत होते म्हणून माझा जरा मान वाढला.

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत महिला वर्ल्ड कपची फायनल होती तेव्हा हिने सगळी कार्डं टीव्हीसमोर ओळीने मांडली होती. मध्यरात्र उलटून गेली, जिंकलो, फटाके वाजायला लागले. ही मात्र टीव्ही सोडून खाली वाकून कार्डांवर काहीतरी लिहीत होती. सकाळी बघितलं. सगळ्यांच्या मागे ‘वर्ल्ड कप’ लिहिलं होतं, अनुजा आणि एडल्जींच्यासुद्धा. मी म्हटलं, अगं, या दोघी नव्हत्या संघात. तर म्हणे, ‘त्यांचं पेन्सिलने लिहिलंय.’

धागाकर्ता:
ताई, मुलीला विचाराल का, एका स्मृतीला काय घेते? माझ्याकडे वेंगसरकर आहे, कपाळावर रबर आहे.

सांगलीची आई:
विचारलं. स्मृती देणार नाही म्हणते. पण रबर तेल लावून निघतं का, ते बघायला तुमचं कार्ड पाठवा म्हणाली.